दिवसा लावलेलं दार

घर सोडलं त्या दिवशी मी दार ओढून घेतलं. सकाळचे अकरा वाजले होते. बाहेरच्या माणसाला यात सांगण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. पण डोंबिवलीच्या आमच्या यशोदा निवासमध्ये वाढलेल्या कोणालाही हे सांगा, तो लगेच विचारेल, "का गं? काय झालं होतं?" कारण आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. सकाळी दूध आलं की दोन्ही फळ्या उघडायच्या, त्या रात्रीची जेवणं आटोपल्यावरच मिटायच्या. मधे कोणाचं दार बंद दिसलं तर त्या घरात भांडण तरी आहे, दुखणं तरी आहे, नाहीतर काहीतरी लपवण्यासारखं चाललंय, असा सरळ हिशेब होता. पैकी शेवटची शक्यता चाळीला सर्वात जास्त आवडायची.

भोपाळच्या कॉलेजला माझा आर्किटेक्चरचा नंबर लागला होता. कल्याणहून दुपारची गाडी होती. मामा ट्रंक घेऊन खाली रिक्षात बसला होता, कारण तो गाडीच्या आधी तीन तास स्टेशनवर पोचणाऱ्यांपैकी आहे. बाबा अर्धी पाळी करून कंपनीतून घरी येणार आणि आईला घेऊन परस्पर कल्याणला पोचणार, असं ठरलं होतं. मी निघाले तेव्हा सगळी गॅलरी उभी होती. गॅलरी म्हणजे आमच्या दारांसमोरचा लांबलचक सामायिक व्हरांडा. निरोप द्यायला उभी होती असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मला तरी ती हजेरी घ्यायला उभी असल्यासारखी वाटली.

शेजारच्या सावंतमावशीने कठड्याला टेकून विचारलं, "घरंच बांधायला शिकणार ना गं सुजे? आमच्या गावचा गवंडी न शिकता बांधतो."

सगळे हसले. ते हसणारच होते. पण उंबऱ्यात उभी असलेली माझी आईही हसली. पदर तोंडाला लावून, लोक हसतायत म्हणून हसावं तशी. ते मला सहन झालं नाही. मी दाराच्या दोन्ही कड्या धरल्या आणि आईच्या तोंडावर दार ओढून घेतलं. मग शेवटच्या खोलीपासून जिन्यापर्यंत चालत गेले. सगळी दारं उघडी, सगळ्यांची तोंडं बंद. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बंद, हे नमूद करते. मागे वळून पाहिलं नाही. आईने लगेच दार उघडलं असणार, चार जणींना काहीतरी गोड सारवासारव केली असणार, हे मी धरूनच चालले होते.

कल्याणला बाबा एकटेच आले. "तिचं डोकं दुखतंय," म्हणाले. मी काही विचारलं नाही. डोकं दुखतंय म्हणजे काय ते मला कळत होतं. लेकीने चाळीत शोभा केली म्हणून आई आली नव्हती. त्यानंतर सोळा वर्षं मी हे मनात ठेवलं आणि सणावारी घरी येऊन तिच्या हातचं जेवत राहिले.

आता हे सगळं का काढते आहे? आमच्या चाळीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गेलेले आणि राहिलेले सगळे त्यात आहेत. गेल्या महिन्यात टोरांटोहून बंड्या दळवीने त्यावर लिहिलं, "काय दिवस होते! दारं कधी बंद नसायची. इथे शेजाऱ्याचं नावही माहीत नाही." खाली बदामांची रांग लागली. बदाम देणारे बहुतेक माझ्याबरोबर वाढलेले मुलगे आणि त्यांचे वडील. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. ग्रुपवर लांब मेसेज कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. बंड्या, दारं बंद नसायची हे खरं आहे. पण तू मुलगा होतास. तू त्या दारांतून बाहेर पळायचास. आम्ही आत असायचो.

बारावीची गोष्ट सांगते. मला जिथे जायचं होतं त्या कॉलेजला परीक्षेबरोबर हाताने काढलेली चित्रंही पाठवावी लागत. आमची खोली दहा बाय बाराची. मागे ओटा आणि मोरी. मोठी शीट पसरायची तर जमिनीवर, आणि जमीन म्हणजे दारापासून ओट्यापर्यंतचा रस्ता. येणारा जाणारा त्यावरून उडी मारायचा. म्हणून एकदा ज्युनियर कॉलेजातून आल्यावर मी दार लावून घेतलं. पहिल्या दिवशी चौकशी झाली, "कोणाला बरं नाहीये का?" दुसऱ्या दिवशी कुजबुज, "पोरगी मोठी झालीय, लक्ष ठेवा." तिसऱ्या दिवशी चाळीचे सेक्रेटरी दळवीकाका बाबांना येऊन म्हणाले, "परब, चाळीची एक रीत आहे. आज तुमच्याकडे दार लागलं, उद्या सगळीकडे लागेल."

बाबा भांडणारे नव्हते. त्यांनी उठून दार उघडलं. मी उघड्या दारात बसून काम करू लागले. त्याच संध्याकाळी सावंतमावशी कढीचं पातेलं घेऊन आत आली, "शालिनी, चव बघ गं," म्हणाली आणि हात मोकळा करायला गरम पातेलं माझ्या शीटवर ठेवलं. आठ दिवसांचं काम होतं. बरोबर मधोमध पिवळा गोल उठला. मी ओरडले तर आई मलाच म्हणाली, "असू दे. शेजारी आहेत." हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की कोणी झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन.

नवी शीट आणायला वेळ नव्हता. त्या गोलाभोवती मी दगडी काठ काढला, पायऱ्या काढल्या, त्याची विहीर केली आणि सगळी वस्ती त्या विहिरीकडे तोंड करून बसवली. निवड झाली. पुढे एका सरांनी सांगितलं की विहिरीभोवतीची घरं बघून तुला घेतलं. याचं श्रेय सावंतमावशीला द्यायला मी आजही तयार नाही.

रेघ मारायला मात्र मी चाळीमुळेच शिकले, म्हणजे बाबांमुळे. दर मे महिन्यात पालिकेच्या शाळेच्या मैदानावर चाळीचे कबड्डीचे सामने व्हायचे आणि मैदान आखायचं काम बाबांकडे असायचं. फक्कीचा डबा माझ्या हातात, दोरी त्यांच्या हातात. ती पांढरी पूड चिमटीतून सोडत ते उलटे चालायचे नाहीत, सरळ चालायचे. मी आखायला लागले की माझी रेघ नागमोडी व्हायची. बाबा म्हणायचे, "रेघेकडे बघू नकोस. जिथे न्यायची आहे तिकडे बघ." कल्याणला गाडी सुटतानाही त्यांनी खिडकीतून हेच सांगितलं. दुसरं काही त्यांना सुचलं नसावं.

भोपाळला शेवटच्या वर्षी प्रबंधाला विषय हवा होता. मी आमची गॅलरी निवडली, कारण तिची मापं मला पाठ होती. आणि मग मी खोटं लिहिलं. खोटं म्हणजे, जे खरं होतं त्यातलं गोड तेवढंच. पापड वाळतात, मुलं अभ्यास करतात, एका घरातलं लोणचं सात घरांत जातं, कोणी कोणाला एकटं पडू देत नाही. परीक्षक इतके भारावले की मला स्वतःलाच ते पटायला लागलं. पुढे बंगळुरूत नोकरी, मग स्वतःचं ऑफिस. कापडाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांसाठी आम्ही घरं बांधली, त्यातही लांब गॅलरी. त्याला बक्षीस मिळालं. 'कम्युनिटी' हा शब्द माझ्या नावापुढे डिग्रीसारखा लागला. एका मुलाखतीत मी म्हणाले आहे, "माझ्या चाळीने मला माणसं शिकवली." नाकारता येणार नाही, रेकॉर्ड आहे.

मी स्वतः अकराव्या मजल्यावर राहते. दाराला दोन कुलपं, एक साखळी. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने एकदा मला विचारलं, "मॅम, तुम्ही का नाही राहत अशा गॅलरीच्या घरात?" मी तिला दुसरं काम दिलं.

मग दोन वर्षांपूर्वी दळवीकाकांचा फोन आला. चाळ पुनर्विकासाला निघाली होती. "सुजाता, बिल्डरचा आर्किटेक्ट बिल्डरचाच असतो गं. आपल्याला घरचा माणूस पाहिजे. तू आपलीच पोरगी." ज्यांनी माझं दार उघडायला लावलं त्यांना आता दारं आखायला मी हवी होते. मी हो म्हटलं. चाळीवर प्रेम होतं म्हणून म्हटलं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. मला त्या गॅलरीतून ताठ मानेने चालत जायचं होतं आणि सगळ्यांनी उभं राहून बघायला हवं होतं.

दोन आठवडे मी डोंबिवलीत राहिले. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, खोलीत आई एकटी होती. माझी कामाची पद्धत अशी की कागदावर रेघ मारायच्या आधी प्रत्येक घराशी बोलायचं. रोज संध्याकाळी मी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन एकेका दारासमोर गॅलरीत बसायचे. कुठे काय ठेवता, कोण कुठे झोपतं, नव्या घरात काय हवं, काय नको. चाळीस खोल्या झाल्या. सगळ्यांनी एकच सांगितलं, गॅलरी पाहिजेच. दळवीकाका तर डोळे पुसून म्हणाले, "दारं उघडी राहिली पाहिजेत, बाकी काय ते तू बघ." मी वहीत लिहून घेतलं. माझ्या प्रबंधाला चाळीस साक्षीदार मिळाले.

चूक तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नाही. मी ज्या ज्या बाईला विचारलं तिला गॅलरीत बसून, उघड्या दारात, आठ शेजाऱ्यांच्या कानांसमोर विचारलं होतं. 'मला तुमचं तोंड बघायचा कंटाळा आलाय' असं कोण कोणाच्या तोंडावर सांगेल? बाहेरून आलेला आर्किटेक्ट फसला असता तर समजण्यासारखं होतं. मी तर त्याच गॅलरीत गप्प राहायला शिकले होते. आणि एका बाईला तर मी विचारलंच नाही. आईला काय विचारायचं, असं वाटलं. तिच्या वतीने फॉर्म मीच भरला.

मी शाळेच्या मैदानावर फक्कीने नकाशा आखायचं ठरवलं. कागदावरचा नकाशा बायकांना दाखवला की त्या मान डोलावतात आणि घरी जातात. जमिनीवर खऱ्या मापात आखला की चालून बघता येतं. एका रविवारी सकाळी मी दोरी, मेखा आणि फक्कीची गोणी घेऊन गेले. एका मजल्यावरची सहा घरं, प्रत्येकाचा ओटा, मोरी, झोपायची खोली, आणि सहाही घरांसमोर सहा फुटी गॅलरी. दारं म्हणजे रेघेत सोडलेली मोकळी जागा. बाबा असते तर त्यांनी माझ्या रेघा तपासल्या असत्या. सरळ होत्या.

दहा वाजता चाळ आली. पुरुष चहाचे ग्लास घेऊन कडेला उभे राहिले. बायकांना मी सांगितलं की ही सहा घरं आपसांत वाटून घ्या आणि आत रोज वावरता तसं वावरा. कोणी पाट आणला होता, कोणी कुकर. मजा चालली होती. सावंतमावशी आपल्या रेघांच्या घरातून ओरडून शेजारणीला साखर मागत होती. बिल्डरचा माणूस मोबाइलवर शूटिंग करत होता. मला वाटलं, झालं, हेच पुढच्या बक्षिसाचे फोटो.

आई तिच्या घरात बराच वेळ नुसती उभी होती. मग बाहेर आली, गोणीतून मूठभर फक्की घेतली, परत आत गेली. दारासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेपाशी वाकली आणि आतल्या बाजूने रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिची रेघ वाकडी होती. मग रेघेकडे पाठ करून ती जमिनीवर बसली आणि पाय पसरले.

आधी कोणाला कळलं नाही. मग सावंतमावशीने विचारलं, "अगं शालिनी, दार लावलंस की काय?"

"लावलं," आई म्हणाली.

"भर दिवसा?"

"हो. भर दिवसा."

दळवीकाका हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "वहिनी, मस्करी पुरे. तुमच्याच मुलीचा प्लॅन आहे." आई उठली नाही. शूटिंग चालूच होतं. मी तिच्याकडे गेले आणि दातांवर दात ठेवून म्हणाले, "आई, उठ. लोक बघतायत."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. मी स्वतः ऐकलं.

घरी आल्यावर आम्ही भांडलो. चाळीत भांडायचीही एक रीत असते. मिक्सर लावायचा, किंवा टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि ओठ फार न हलवता बोलायचं. मी टीव्ही लावला. "दोन आठवड्यांचं काम मातीत घातलंस," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर माझी अब्रू काढलीस. तुला एवढंच होतं तर घरी बोलायचं होतंस." आई ऐकत होती. मग ती उठली, टीव्ही बंद केला आणि दाराकडे गेली. बाहेर गॅलरीत चार जणी काहीतरी निवडत बसल्याचा बहाणा करत होत्या. त्यांच्यादेखत तिने दोन्ही फळ्या लावल्या आणि कडी घातली. खोलीत अंधारलं. वरच्या झरोक्यातून उजेड आला तेवढ्यात मला दाराची आतली बाजू दिसली. बाहेरचा रंग उडून लाकूड दिसायला लागलं होतं, आतला निळा रंग मात्र कालच दिल्यासारखा होता. बारावीतले ते तीन दिवस सोडले तर दिवसा मी तो पाहिलाच नव्हता, उघडी फळी सदा भिंतीला टेकलेली.

"आता ऐक," आई म्हणाली. "तू गेलीस ना त्या दिवशी, दार ओढून, ते मी उघडलंच नाही."

मला समजेना.

"फळ्या तुझ्या हातून लागल्या होत्या. मी फक्त कडी घातली. म्हटलं पाच मिनिटं. हसू आणून आणून गाल दुखत होते. पाच मिनिटं कोणी बघू नये, एवढंच. मग रडले. मग इथे, याच लादीवर, आडवी झाले. लग्न होऊन आले तेव्हापासून दुपारी पाय पसरून झोपले नव्हते गं मी. उघड्या दारात बाईमाणूस कसं झोपणार? सावंतीण दोनदा ठोकून गेली. मी ऐकलं आणि गप्प राहिले. जाग आली तेव्हा हे कल्याणहून परत आले होते. दार ठोकत होते."

"बाबा तर म्हणाले डोकं दुखतंय."

"ते घ्यायला आले तेव्हा आतूनच म्हटलं तसं. मला वाटलं थोडं पडते आणि मागोमाग रिक्षाने येते. झोपच लागली. माझी पोरगी गाव सोडून चालली होती आणि मी झोपले होते. कशी झोप ती! इतकी चांगली झोप नंतर कधी लागली नाही. हे कोणाला सांगायचं? आईने सांगायची गोष्ट आहे का ही?"

"मला सांगायचंस," मी म्हणाले. "सोळा वर्षं, आई!"

"कधी सांगणार? दार उघडं होतं."

मग ती बाबांबद्दल बोलली. ते गेले तेव्हा तेरा दिवस खोली माणसांनी भरलेली होती. कोणी चहा करत होतं, कोणी धीर देत होतं. सगळे चांगलेच वागले, ती पुन्हा पुन्हा म्हणाली. पण तिला एकटीला रडायला मोरीत जावं लागलं, नळ सोडून. मी त्या तेरा दिवसांत तिथेच होते. नळाचा आवाज मी ऐकला होता आणि आई भांडी घासते आहे असं मला वाटलं होतं.

मी विचारलं, "मग गॅलरी नकोच का तुला?"

"गॅलरी असू दे गं. मी मेले तर चार माणसांना कळायला नको? ओट्यासमोर एक खिडकी ठेव गॅलरीत उघडणारी. वाटी देता-घेता आली पाहिजे. पण तिची झडप आतून. मी उघडीन तेव्हा ती उघडेल."

सोळा वर्षं मी नकाशे काढत आले होते. त्या सहा वाक्यांएवढा नकाशा मला कधी जमला नाही, आणि याचा मला राग आला. आनंद नाही, रागच. एवढं शहाणपण जिच्याकडे होतं तिने माझ्या शीटवर पातेलं ठेवणाऱ्या बाईला 'असू दे' का म्हणावं? पण विचारलं नाही. उत्तर त्या दाराबाहेर बसून तांदूळ निवडत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा चाळीस घरं केली. या वेळी आत जाऊन, दार लावून. गॅलरीत काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. 'परबांची पोरगी घरं फोडत सुटलीय' हे त्यातल्या त्यात सभ्य होतं. सावंतमावशीचं तेवढं सांगते, कारण तिने सांगितलंय, "लिही, मी कोणाला घाबरते?" मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने दार लावलं. खांद्यावरचा पदर काढून बाजूला ठेवला, पंख्याखाली बसली, डोळे मिटले. मी वही उघडून बसले. ती दहा मिनिटं काही बोललीच नाही. मग डोळे न उघडता म्हणाली, "लिहिलंस? हे पाहिजे मला."

बाकीच्या बायकांनी काय सांगितलं ते वहीत आहे आणि वही माझ्याकडे आहे. बंड्या, तुझ्या आईनेही सांगितलं. तुला ते कधीच कळणार नाही. तिने दार लावून सांगितलं होतं.

नवा नकाशा मीटिंगमध्ये ठेवला तेव्हा दळवीकाका उभे राहून ओरडले. "चाळ म्हणजे काय ते विसरलीस तू. बाहेर राहून बाहेरची झालीस." महिन्यापूर्वी मी आपलीच पोरगी होते. बिल्डरचा माणूस वेगळंच टुमणं घेऊन बसला होता, "मॅडम, गॅलरीच उडवा ना, तेवढा एरिया विकता येतो." एकाला दार नको, दुसऱ्याला गॅलरी नको, आणि मागच्या सतरंजीवर बसलेल्या बायका, ज्यांनी मला एकेक करून सगळं सांगितलं होतं, त्या सगळ्या साडीच्या काठाशी चाळा करत खाली बघत होत्या. एकही बोलली नाही. आईसुद्धा नाही. मला इतका संताप आला की मी वही त्यांच्यापुढे आपटणार होते. आपटली नाही, हे मी त्या चाळीला दिलेलं एकमेव बक्षीस समजा.

पण नकाशाला संमतीची सही खोलीमागे एक लागते, आणि खोल्या बऱ्याच बायकांच्या नावावर होत्या. कोणी विधवा, कोणाच्या नवऱ्याने कधीतरी भानगड नको म्हणून तिच्या नावावर केलेली. दुसऱ्या दिवसापासून सह्या व्हायला लागल्या. तोंडाने कोणी काही बोललं नाही. दळवीकाकू तर नवरा देवळात गेला असताना आली, सही केली, पेन परत दिलं आणि गेली. गॅलरी सहाची चार फुटांवर आली, बाकी नकाशा टिकला. भूमिपूजनाच्या बॅनरवर ढीगभर चेहरे होते. माझा नव्हता. दळवीकाकांनी भाषणात 'आमच्या कमिटीची कल्पक खिडकी' असा उल्लेख केला.

आता चाळ पडली आहे. नव्या इमारतीचे तीन स्लॅब झाले आहेत. तोवर सगळे भाड्याच्या घरांत पांगलेत. सावंतमावशी शहाडला मुलाकडे, आई शीळफाट्याच्या एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर. दोघी दुपारी फोनवर बोलतात. मावशी विचारते, "दार लावलंयस ना?" आणि दोघी हसतात. ग्रुपवर मात्र जुन्या चाळीचे फोटो फिरतात, सगळी दारं उघडी. खाली लिहितात, घर म्हणजे हे. लिहा. जे गेलेत त्यांना लिहायला काय जातं? मीही गेलेलीच आहे आणि मी तर यावर बक्षीस घेतलंय.

गेल्या आठवड्यात मी न कळवता शीळफाट्याला गेले. भर दुपार होती, अडीच वाजले असतील. बेल दाबली. काही हालचाल नाही. पुन्हा दाबली. माझ्या जन्मात मी कधी माझ्या घरच्या दाराबाहेर थांबले नव्हते. चाळीत थांबायला दार बंदच नसायचं. आतून पावलं आली, थांबली.

"कोण?" आईने विचारलं. झोपेतला, जरा वैतागलेला आवाज. इतक्या वर्षांत तिने हा प्रश्न कोणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"मी," मी म्हणाले.

"मी कोण?"

"सुजू."

"थांब, येते," ती म्हणाली, आणि तिची पावलं परत आत गेली. तोंड धुवायला असेल, केस सारखे करायला असेल, किंवा उगीचच. घर म्हणजे काय असं आता मला कोणी मुलाखतीत विचारलं, तर मी त्या दुपारचं सांगीन. मी चपला काढून भिंतीला टेकून उभी राहिले. कडी निघायला बराच वेळ लागला. लागू दे.